ग्राइंडरचा आवाज

"अम्मा, मला मठात नक्को पाठवू."

नऊ वर्षांच्या मुलीचा आवाज होता तो. किंचित घोगरा, झोपेतून उठल्यासारखा. इतकी वर्षं झाली, ती मुलगी कॉलेजात गेली, पण आवाज काही मोठा झाला नाही. वसुमतीच्या कानात तो नऊ वर्षांचाच राहिला. ग्राइंडर फिरत असला की दबून बसायचा आणि ग्राइंडर थांबला की हळूच मान वर काढायचा. म्हणून वसुमती ग्राइंडर फार वेळ चालू ठेवायची. त्यांच्या घरच्या इडल्या साऱ्या गल्लीत मऊ म्हणून नावाजल्या होत्या. पीठ इतकं का वाटलं जातं, ते कुणी विचारलं नव्हतं.

वाटताना ती ओव्या म्हणायची. तिरुवैयारूच्या माहेरी आजीकडून शिकलेली चाल, शब्द मात्र तिचे स्वतःचे.

काळ्या गं दगडाला । वीज फिरविते बाई
हाताला काम नाही । तोंड गाई ॥

"वीज फिरविते ते खरं," तिचे यजमान त्यागराज बाहेरून म्हणायचे, "पण वीज कोण देतो?"

त्यागराज वीज खात्यात होते. साऱ्या तंजावरात अंधार झाला तरी आपल्या गल्लीत करंट जात नाही, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी कमाई होती. लग्नकार्यात कुणी ओळख करून दिली की ते आधी हे सांगत, मग नाव.

त्यांचा दुसरा अभिमान मराठीचा, तंजावरात पिढ्यान् पिढ्या राहूनही घरात टिकलेल्या बोलीचा. ती त्यांना वाचता येत नव्हती. घरातली पदंसुद्धा तमिळ लिपीत लिहून ठेवलेली. पण बोलायला ती त्यांना कुलूपबंद पेटीसारखी वाटे. बाजारात भाजीवालीसमोर, बसमध्ये शेजाऱ्यासमोर, बँकेत साहेबासमोर ते खुशाल मोठ्या आवाजात मराठीतून त्या माणसाबद्दल बोलत. एकदा पापनाशमच्या गाडीत त्यांनी समोरच्या गृहस्थाच्या पोटाचं सविस्तर वर्णन केलं होतं. त्या गृहस्थाने उतरताना "येतो हं" म्हटलं. तरी त्यागराजांना शहाणपण आलं नाही. तमिळ माणसं हल्ली काय काय शिकतात, एवढंच म्हणाले.

अशा या घरात व्यासपौर्णिमा जवळ आली की गडबड उडायची. पलीकडच्या गल्लीतल्या भजनमठाचे गुरुस्वामी दरवर्षी त्या दिवशी पाद्यपूजेला येत. त्यागराजांची थोरली बहीण सरोजा याच घराच्या पुढच्या भागात राहायची. तिला चिंचेने चांदी घासता घासता जगाचा विसर पडे. स्वामींना फिल्टरची कापी कशी लागते, ती किती उंचावरून ओतायची, केळीचं पान कुठल्या झाडाचं, सगळं तिच्या जिभेवर.

आणि घरातल्या लेकीने त्यांच्या पायांवर चंबूने पाणी घालायचं, ही त्या घरची रीत होती.

लेक एकच, हरिता. आणि दरवर्षी नेमका त्याच दिवशी हरिताला ताप यायचा.

या तापावर घरादाराने काय काय केलं! सरोजाआत्याने मिरच्या उतरवल्या, मनगटाला काळा दोरा बांधला. ओरत्तनाडूच्या एका वैद्याने काढा दिला, तो इतका कडू होता की चव बघणाऱ्या त्यागराजांनाच ताप भरला. खोलीतला पंखा बदलला. खाटेची दिशा बदलली. एका ज्योतिषाने तर हरिताच्या नावातलं एक अक्षर बदलायला सांगितलं. सगळे उपाय झाले. एक प्रश्न विचारायचा तेवढा राहिला.

यंदा पौर्णिमेच्या आधी चार दिवस आत्या चांदीचा चंबू घासत पायरीवर बसली होती. हरिता समोर येऊन बसली.

"आत्या, यंदा मला ताप येणार नाही."

"शाबास गे पोरी. दोऱ्याने गुण दिला."

"ताप येणार नाही आणि पाणीही घालणार नाही."

आत्याचा हात थांबला. आतून त्यागराज आले. वसुमती दाराशी उभी राहिली, पिठाचे हात तसेच.

हरिताने सांगितलं. फार शब्द वापरले नाहीत. लहानपणी मठातल्या भजनाच्या वर्गानंतर, पद पाठ झालं नाही म्हणून स्वामी तिला मागच्या खोलीत थांबवून घेत. पण ते पदासाठी नसे. लहान मुलीशी कुणी वागू नये तसं ते तिच्याशी वागले, आणि एकदा नाही. हे सांगताना तिने नजर चंबूवर ठेवली होती. आवाज कापला नाही. बहुतेक तिने हे सगळं एकटीने पुष्कळदा म्हणून पाहिलं असावं.

गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"हळू बोल," त्यागराज म्हणाले. "शेजारी ऐकतील. मराठीत बोल."

"मराठीतच बोलतेय, अप्पा."

त्यागराजांनी पायरीवरून गल्लीत दोन्हीकडे पाहून घेतलं.

"उद्या मी एका वकिलीणबाईंकडे जाणार आहे," हरिता म्हणाली. "पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस. त्याच्या आत दावा लावावा लागतो म्हणे."

"वाढदिवसाला दावा?" आत्या म्हणाली. "आमच्या वेळी पायसम करायचे."

रात्री मोठ्यांची बैठक बसली आणि ठरलं की सगळ्यांनी सोबत जायचं. मुलीला पाठबळ द्यायला नव्हे. वकिलीणबाईंना नीट समजावून हे प्रकरण तिथल्या तिथे मिटवायला. चांदी घासणं मात्र आत्याने थांबवलं नाही.

वकिलीणबाईंचं ऑफिस एका मेसच्या माडीवर होतं. जिन्यातच सांबाराचा वास. दारावर तमिळमध्ये पाटी: ह. भुवना, बी.ए., बी.एल. तिकडे आडनावं लावत नाहीत, वडिलांच्या नावाचं एक अक्षर पुढे लावतात, त्यामुळे पाटीवरून माणसाची जात, भाषा, गाव काही कळत नाही. कोर्टाच्या दृष्टीने ते बरंच. त्यागराजांसाठी मात्र ते फार वाईट ठरणार होतं.

भुवना चाळिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेली, टेबलावर काळा कोट घडी घालून ठेवलेला. हरिताला पाहून ती ओळखीचं हसली. हरिता आधी एकदा येऊन गेली होती. बाकीच्यांना तिने तमिळमध्ये "बसा" म्हटलं. खुर्च्या तीनच. वसुमती भिंतीशी बाकावर बसली.

"नमस्कार मॅडम," त्यागराज तमिळमध्ये म्हणाले आणि लगेच बहिणीकडे वळून मराठीत, "बाई शहाणी दिसते गे अक्का. भारी फी घेईल."

"गळ्यात मंगळसूत्र नाही," आत्याने मराठीत नोंद घेतली. "पुरुषांवर राग असणार. म्हणून असल्या कोर्टाच्या केशी घेते."

भुवनाचं पेन क्षणभर थांबलं. मग पुन्हा चालू लागलं. हरिता खिडकीबाहेर पाहू लागली. तिचे गाल आतून हलत होते.

"मुलीची तब्येत जरा नाजूक आहे, मॅडम," त्यागराज तमिळमध्ये म्हणाले. "लहानपणापासून ताप. तापात काहीबाही दिसतं."

"ताप कधी यायचा?" भुवनाने विचारलं.

"वर्षातून एकदाच. व्यासपौर्णिमेला."

"बरोबर त्याच दिवशी?"

"अगदी न चुकता," त्यागराज अभिमानाने म्हणाले आणि आपण काय बोललो ते त्यांच्या कानांना जरा उशिराने ऐकू आलं.

भुवनाने पेन खाली ठेवलं. "मी सरळ सांगते, साहेब. दोन वाटा आहेत. एक पोलिसांची. लहान मुलावर असा अत्याचार झाला तर तक्रारीला उशीर झाला म्हणून ते दार बंद होत नाही. त्या मठात आजही मुलं शिकायला जातात, म्हणून त्या वाटेनेही आपल्याला जायचं आहे. दुसरी वाट दिवाणी कोर्टाची. हरिता स्वतः दावा लावू शकते. स्वामींवर, आणि ज्यांनी मुलं त्यांच्या हाती सोपवून पाठ फिरवली त्या मठाच्या विश्वस्तांवरही. अज्ञान मुलाची मुदत तो अठरा वर्षांचा झाल्यावर सुरू होते आणि तीन वर्षांनी संपते. म्हणून एकविसाव्या वाढदिवसाच्या आत."

"दाव्यात मागायचं काय?" त्यागराजांनी विचारलं.

"नुकसानभरपाई. आणि दावा चालू असेपर्यंत स्वामींनी मुलांचे वर्ग घेऊ नयेत असा मनाई हुकूम."

त्यागराज मराठीत कुजबुजले. त्यांचं कुजबुजणं खालच्या मेसपर्यंत जायचं. "ऐकलंस? पैसे मागायचे. लोक म्हणतील, मुलीच्या अब्रूची किंमत लावली."

भुवनाने तमिळमध्येच उत्तर दिलं, जणू ते कुणीतरी तमिळमध्ये विचारलं होतं. "काही लोकांना वाटतं, भरपाई म्हणजे किंमत. तसं नाही. दिवाणी कोर्टाला 'यांचं चुकलं' असं म्हणायचं असतं तेव्हा ते भरपाईच्या शब्दांत म्हणतं. त्याची ती भाषा आहे. आणि अब्रूचं म्हणाल तर हरिताचं नाव कुणाला छापता येत नाही, कायद्याची मनाई आहे. बंद दाराआड सुनावणी घ्या असा अर्जही आपण करू. फीची काळजी असेल तर बाईमाणसाला सरकारी विधी सेवेतून फुकट वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो."

त्यागराज चपापले. फीचं आपण तमिळमध्ये तर काही बोललो नव्हतो.

"जिंकू याची खात्री?" त्यांनी विचारलं.

"नाही देत. पण दिवाणी दाव्यात थोडीही शंका उरता कामा नये इतका पुरावा लागत नाही. दोन्ही बाजू तोलून जास्त खरं काय वाटतं, ते न्यायाधीश बघतात. म्हणून त्या वेळी तिने कुणाला काही सांगितलं होतं का, ते फार मोलाचं." ती हरिताकडे वळली. "सांगितलं होतंस?"

"अम्माला," हरिता म्हणाली. "स्वयंपाकघरात. मला मठात पाठवू नको म्हटलं, मग का तेही सांगितलं. पण ग्राइंडर चालू होता. अम्मा म्हणाली, काही ऐकू येत नाही, जा, उशीर होतोय. मग मी पुन्हा नाही सांगितलं."

आत्याने सुटकेचा श्वास टाकला. "बघ," ती मराठीत भावाला म्हणाली, "ग्राइंडर होता. सांग तिला, ग्राइंडरचा आवाज लॉरीसारखा आहे. वसूला काय ऐकू येणार? तिने ऐकलंच नाही म्हटल्यावर गोष्ट संपली. स्वामींचं नाव राहिलं, आपलंही राहिलं. शुक्रवारी पोरीला तुळजापूरच्या देवीची शपथ घालू आणि…"

"आत्याबाई," भुवना स्वच्छ मराठीत म्हणाली, "कापी घ्याल का चहा?"

खाली मेसमध्ये कुणीतरी रसम मागत होतं.

"लग्न झालंय माझं. मंगळसूत्र कोर्टाच्या दिवशी पर्समध्ये ठेवते, कोटाच्या बटणात अडकतं. पुरुषांवर राग नाही, घरी एक आहे, स्वयंपाक बरा करतो. आणि पाटीवरचा 'ह' म्हणजे हनुमंतराव. आम्ही तिरुवैयारूचे."

त्यागराजांनी डोळे मिटले. पापनाशमच्या गाडीतलं ते पोट त्यांना आता नीट समजलं.

आत्याचं मात्र वेगळंच झालं. लाजेने तिचा चेहरा लाल झाला खरा, पण तंजावरच्या मराठी बाईच्या अंगात लाजेपेक्षा मोठं एक काही असतं. "कुठले हनुमंतराव?" तिने विचारलं. "शाळेतले की अन्नसत्रातले? भवानीबाई तुझी आजी का गे?"

"नातं मागाहून काढू, आत्या," भुवना म्हणाली. ती हसत होती, पण पुढचं बोलताना हसली नाही. "आमच्याही घरी असंच होतं. चार लोकांत काही झाकायचं असलं की मराठी. दुकानात, बसमध्ये, पाहुण्यांसमोर. आपण ही बोली इतकी वर्षं झाकण म्हणून वापरली. पण या मुलीने तिच्या घरात, तिच्या अम्माला, याच बोलीत सांगितलं. उघड करायला सांगितलं. तुमचं कुजबुजणं मला परक्या बाईला समजलं, आणि तिचं बोलणं तुम्हाला घरच्यांना समजलं नाही. तिच्या तापाला तुम्ही किती औषधं दिलीत. ताप तुम्हाला सांगत होता की."

त्यागराज आपल्या बोटांकडे पाहत होते. मग ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखर हळू आवाजात म्हणाले, "हरिता, काढा फार कडू होता ना गे?"

"फार, अप्पा."

"मी चव बघितली होती," ते म्हणाले. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

आत्या उठली. तिने पर्समधून मोबाइल काढला. "नंबर लाव," ती हरिताला म्हणाली. मग थांबली. "नक्को, मीच लावते."

"कारण सांगू नका, आत्या," भुवनाने बजावलं. "नोटीस जाईल तेव्हा त्यांना कळेल."

आत्याने मान हलवली. पलीकडून मठातला कुणीतरी बोलला, मग खुद्द स्वामी आले असावेत, कारण आत्या सवयीने उभ्या उभ्या वाकली. मग तिला आपण वाकलो ते कळलं आणि ती ताठ झाली. "नमस्कार. यंदा पाद्यपूजा नाही," ती म्हणाली. "नाही, ताप नाही. कुणालाच ताप नाही. सगळे ठणठणीत आहेत. म्हणूनच नाही." तिने फोन बंद केला आणि खुर्चीत बसली. "कापी दे गे आता," ती भुवनाला म्हणाली. "बिनसाखरेची. आणि तो चंबू मी मोडीत काढणार."

वाचकहो, अशी पाद्यपूजा थोड्याफार फरकाने आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होत असते. कुठे स्वामी असतात, कुठे शिकवणी घेणारे मास्तर, कुठे लांबचे काका. मूल म्हणतं, "मला तिकडे जायचं नाही," आणि आपण चप्पल शोधून त्याच्या पायात घालतो. त्या वेळी दोन मिनिटं खाली बसून "का रे बाळा" एवढं विचारावं. आणि विचारायचं राहून गेलं असेल, मूल मोठं झालं असेल, तरी सगळं संपलं असं मानू नये. कायद्याने त्याच्यासाठी वाट ठेवली आहे. तिला मुदत आहे, पण ती आहे. त्या वाटेवर मुलाला एकटं पाठवू नये. आणि सोबत जायचं ते गप्प करायला जाऊ नये.

कापी आली. भुवनाने नवा कागद पुढे ओढला. आता ती मराठीतच बोलत होती, पेन मात्र तमिळमध्ये चालत होतं.

"तर मी असं लिहिते," ती म्हणाली. "मुलीने आईला सांगितलं. ग्राइंडरच्या आवाजामुळे आईला ऐकू आलं नाही."

"बरोबर," त्यागराज म्हणाले. "बिचारीला ऐकू आलं नाही."

"पुरावा म्हणून त्याचा उपयोग थोडा. पण असेल ते लिहायचं."

पेन कागदावर टेकलं. बाकावर बसलेल्या वसुमतीने पदर घट्ट मुठीत धरला होता. इथे आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. तिच्या मनात एक ओवी कितीतरी वर्षं अर्धीच पडून होती, पीठ वाटताना ओठांवर यायची आणि परत जायची.

लेकीचा गं बोल । पिठामध्ये सांडला
हाताने झाकला । माझ्या मीच ॥

हरिता तिच्याकडे पाहत होती. नजरेत राग नव्हता. तो असता तर वसुमतीला सोपं गेलं असतं. नऊ वर्षांची मुलगी दाराच्या चौकटीला टेकून पाहते, तशी ती पाहत होती.

"लिहू नका," वसुमती म्हणाली.

सगळे वळले.

"ग्राइंडर बंद होता."

"अगं, काय बोलतेस," त्यागराज म्हणाले. "तू त्या वेळी वाटत होतीस."

"करंट गेला होता."

"आपल्या गल्लीत करंट…" त्यागराजांनी सुरुवात केली आणि बायकोच्या तोंडाकडे पाहून ते वाक्य तिथेच सोडून दिलं.

वसुमती उठून हरिताजवळ आली. "करंट गेला होता. घरात इतकी शांतता होती की नळाचं टपटपणं ऐकू येत होतं. तू चौकटीला टेकून उभी होतीस. एका पायात चप्पल होती, एक हातात. तू सांगितलंस, शब्द न् शब्द मी ऐकला. आणि मी म्हटलं, ग्राइंडरचा आवाज आहे, ऐकू येत नाही. तूही मान हलवलीस, जणू आवाज होता." ती भुवनाकडे वळली. "मी कोर्टात येईन. जिथे उभं राहायला सांगाल तिथे उभी राहीन. लिही पोरी. माझी मुलगी खरं सांगत होती. मी ऐकलं होतं."